लिंबमास्तर

मातीची चव घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. शाळेत रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत एक उंच, काळेसावळे, शर्टाचे दोन्ही खिसे फुगलेले गृहस्थ माझ्यापुढे येऊन उभे राहिले. त्यांनी डाव्या खिशातून चिमूटभर तांबडी माती काढली, जिभेच्या टोकाला लावली आणि डोळे मिटले. मग उरलेली चिमूट माझ्यापुढे धरून म्हणाले, "बघा बरं, खारट लागते का? माझी जीभ आज चहाने भाजलीय."

मी नवा होतो. नोकरी कच्ची होती. मुकाट्याने जीभ बाहेर काढली.

"थोडी लागते," मी म्हणालो.

"थोडी म्हणजे किती? भातात मीठ कमी पडल्यावर लागते तितकी, की आमटीत जास्त झाल्यावर लागते तितकी?"

"कमी पडल्यावर."

"मग चालेल," ते म्हणाले, आणि माझी खरी मुलाखत आत्ता कुठे पार पडली अशा थाटात त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. मातीच्याच हाताने.

ते भूगोल शिकवत. गावात त्यांना सगळे लिंबमास्तर म्हणत, आणि नवख्या माणसाची त्यावरून हमखास फसगत होई. शाळा तपासायला आलेल्या एका साहेबांनी जाताना शिपायाला हळूच सांगितलं, की मास्तरांकडे लोणच्यापुरती लिंबं मिळतात का बघ. निरोप पोचताच मास्तर घरी पळाले आणि कडुलिंबाच्या पाल्याची एक मोठी जुडी घेऊन आले. अंघोळीच्या पाण्यात ती कशी उकळायची, अंगावर पुरळ असेल तर किती दिवस घ्यायची, हे सगळं त्यांनी साहेबांना समजावून दिलं. साहेबांनी ती जुडी मांडीवर घेऊन अलिबागपर्यंत एसटीत प्रवास केला. शेरा मात्र चांगला दिला.

पण ही पुढची गोष्ट. मी आलो तेव्हा मास्तरांकडे जुडी बांधण्याइतका पाला नव्हता. नाव मिळालं होतं, झाड मिळालं नव्हतं.

आमचं गाव अलिबागच्या दक्षिणेला, समुद्राला लागून. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. पुढे वाळूची पुळण, मग नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांत घरं, घरांमागे भाताची खाचरं, आणि खाचरांना पाठीशी घालून उभा असलेला डोंगर. डोंगराची एक बाजू समुद्राकडे, दुसरी खाडीकडे. माथ्यावर कातळ. कडुलिंब हे आमच्याकडचं झाड नव्हे. त्याला कोरडी हवा लागते, पायाशी पाणी साचलेलं खपत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात चुलीतल्या राखेलासुद्धा ओल येते. गुढीपाडव्याला लिंबाचा पाला पेणच्या बाजूने पोत्यात भरून यायचा आणि चार काड्या घरटी वाटला जायचा.

अशा ठिकाणी लिंब लावायचं मास्तरांच्या डोक्यात भरलं, त्याचं कारण त्यांची बायको. आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. मास्तर स्वतः इथलेच, पण स्वातंत्र्याच्या आधीची काही वर्षं त्यांनी सोलापूरकडच्या एका खेड्यात शिकवण्यात काढली होती. तिथे ज्यांच्या घरी ते खोली घेऊन राहायचे, त्या शेतकऱ्याच्या मुलीशीच त्यांचं लग्न झालं. त्या घरापुढे मोठा थोरला लिंब होता. वहिनी त्याच्याखाली रांगल्या, त्याच्याखाली दळण-कांडण केलं, लग्नाला उभ्या राहिल्या त्याही त्याच्याच सावलीत. मग मास्तरांना इकडे नोकरी मिळाली आणि त्या बोटीने, एसटीने, शेवटी बैलगाडीने आमच्या गावात आल्या.

आल्यावर पहिल्यांदा त्यांनी वर पाहिलं म्हणे, आणि विचारलं, "आभाळ कुठं हाय हितं?"

नारळांच्या झावळ्यांतून आभाळ दिसत नव्हतं, हे खरंच. मास्तरांनी ते मनाला लावून घेतलं. डोंगराच्या कमरेला एका मुंबईकराचं रिकामं घर पडून होतं. ते त्यांनी राहायला घेतलं. तिथून आभाळ दिसे, समुद्र दिसे, खालचं अख्खं गाव ताटात वाढल्यासारखं दिसे. गावातून तिथे कोणी जात मात्र नसे. वहिनींना आभाळ झालं, आता लिंब हवा, असं मास्तरांनी आपलं आपण ठरवलं. सासरे दर आषाढात निंबोळ्या पाठवत, मास्तर त्या करवंट्यांत आणि फुटक्या डब्यांत रुजवत, आणि रोपं वीतभर झाली की हातात छत्रीऐवजी पहार घेऊन जागा शोधत हिंडत.

पहार ते जमिनीवर आपटायचे आणि कान देऊन ऐकायचे. ठण्ण वाजलं की कातळ, भद्द वाजलं की माती. छत्री असायची, पण ती रोपावर. आषाढातल्या पावसात मास्तर स्वतः निथळत उभे आहेत आणि त्यांची काळी छत्री एका टीचभर रोपावर दगड लावून उघडी ठेवली आहे, हे दृश्य गावाच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की शेतात लावणी करणाऱ्या बाया मान वर करून बघतसुद्धा नसत.

"डोंगर लांबून एक दिसतो, मराठीवाले," ते मला म्हणत. मी मराठी शिकवायचो, म्हणून मी मराठीवाले. "जवळ गेलं की त्यात चार वेगवेगळी गावं असतात. चारही गावांचं हवापाणी निराळं."

त्या चारांतल्या तीन गावांत त्यांनी एकाच झाडाची पोरं नेऊन घातली; खाडीकडचा उतार काटेरी जाळ्यांनी भरलेला, तिकडे पहार चालत नसे. पायथ्याला, खाचरांच्या कडेला लावलेली रोपं पहिल्या वर्षी अशी तरारली की मास्तरांचे पाय जमिनीला लागेनात. दुसऱ्या पावसाळ्यात पाणी साचलं, पानं पिवळी पडली. मास्तरांनी एक रोप हाताने ओढलं तर ते सहज वर आलं. मुळं काळी पडली होती आणि त्यांना कुजका वास येत होता. समुद्राकडच्या उतारावरची मेली नाहीत, पण वाढलीही नाहीत. खाऱ्या वाऱ्याने त्यांचे शेंडे दरवर्षी करपत आणि सगळ्या फांद्या खाडीच्या दिशेला वळत, केस मागे फिरवल्यासारख्या. ती शेवटी शेळ्यांनी खाल्ली. माथ्यावर कातळाच्या भेगेत पहारीने खड्डा करून, टोपलीने माती वाहून नेऊन लावलेल्या रोपांनी वेगळीच तऱ्हा केली. त्यांनी पानं बारीक काढली, इतकी बारीक की लाजाळूची वाटावीत. साल जाड केली. जणू थोडक्यात भागवायचं ठरवलं. पण तिसऱ्या उन्हाळ्यात कातळ तापला आणि तीही वाळली.

काजू आणि सुरूची झाडं त्यांनी लावली होती, तीही अशीच जागेप्रमाणे बदलली, पण जगली. माथ्यावरचा एक काजू वाऱ्यापुढे चक्क जमिनीवर आडवा झाला होता आणि पोटावर सरपटत वाढत होता. तो दाखवायला मास्तर मुलांना घेऊन जायचे आणि त्यांनाही त्याच्या शेजारी पालथं झोपायला लावायचे. "उठून उभे राहा आता. वारा लागला? झोपा परत. लागला? काजूला कळलं ते हेच."

वर्गात त्यांचा एक खेळ होता. एकाच जातीच्या झाडाची चार पानं टेबलावर ठेवायची आणि विचारायचं, कुठलं पान कुठल्या अंगाचं? कडा करपलेलं, जाड, ते समुद्राकडचं. रुंद आणि पातळ, ते खाडीकडचं, सावलीतलं. मुलं चटकन ओळखायची. जगाच्या नकाशावर ब्राझील दाखवताना मात्र त्यांची तारांबळ उडे, आणि त्याबद्दल हेडमास्तर वर्षातून एकदा मास्तरांना बोलावून घेत.

या सगळ्यात वहिनी कशा होत्या, ते पाहायला कोणी वर जात नव्हतं. माझी बायको एकदा श्रावणात हळदीकुंकवाला बोलवायला गेली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "फारसं बोलल्या नाहीत. भिंतीवरचा बुरा पुसत होत्या. मला म्हणाल्या, हितं भिंतीलाबी केस येत्यात. मी म्हटलं, खाली या ना बसायला. तर म्हणाल्या, खाली उतराय येतं, पर पावसात वर चढाय येत न्हाई."

"आणि मास्तर?"

"ते बाहेर होते. झाडावर छत्री धरून."

त्याच श्रावणात पंचमीला वहिनींचा भाऊ आला आणि त्यांना माहेरी घेऊन गेला. त्यात नवल नव्हतं. नवल पुढे वाटायला लागलं. गणपती झाले, दसरा झाला, दिवाळी झाली, वहिनी आल्या नाहीत. पाडवा आला, पेणचा पाला पोत्यातून आला, वहिनी आल्या नाहीत. गावात कुजबूज सुरू झाली. मासळी विकायला येणारी कोळीण तर सरळ शाळेच्या फाटकाशी उभी राहून विचारायची, "मास्तर, बाय कवा येनार हाय तुमची? का न्हायच येनार?"

"तिकडे ऊन चांगलं आहे सध्या," मास्तर म्हणायचे.

शेवटी माझ्या बायकोने मला पुढे घातलं. मी मास्तरांना डोंगरावर गाठलं आणि म्हटलं, "अहो, जाऊन घेऊन या त्यांना. वर्ष होत आलं."

मास्तर पहारीवर रेलून उभे होते. मग म्हणाले, "काय दाखवायला आणू? हा बुरा? एक तरी लिंब जगू दे, मराठीवाले. तो दाखवायला घेऊन येतो."

मला त्यांचा राग आला, तेवढीच कीवही आली. हा माणूस बायकोला आणायला निघण्याआधी झाड उगवायची वाट बघत बसला होता, आणि त्याला ते वेडेपणाचं वाटतच नव्हतं.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी एके सकाळी प्रार्थना चालू असताना मास्तर शाळेत शिरले. अंगावरचे कपडे ओले, दोन्ही हातांवर काट्यांचे ओरखडे, आणि चेहरा असा की प्रार्थना म्हणणाऱ्या मुलांचा सूर हलला. मधल्या सुट्टीत त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून घेतलं. घराच्या खालच्या अंगाला, खाडीच्या उतारावर करवंदीची एक मोठी जाळी होती. त्या जाळीतून लिंबाचा शेंडा वर आला होता. चांगला कमरेइतका, तांबूस कोवळ्या पानांचा, निरोगी.

"मी लावलेला नाही!" ते म्हणाले. "त्या बाजूला मी रोप घेऊन गेलोच नाही कधी. हे साळुंकीचं काम. अंगणात वाळत घातलेली निंबोळी खाल्ली, जाळीत बसली, बी टाकलं. बघा निसर्गाची योजना! उतार आहे म्हणून पाणी थांबत नाही. जाळी आहे म्हणून वारा लागत नाही, शेळी शिरत नाही. करवंदीचा पालापाचोळा कुजून माती झालेली. मी इतकी वर्षं डोंगर ठोकत हिंडलो आणि एका साळुंकीला ते कळलं." त्या दिवशी साळुंकी या विषयावर ते घंटा होईपर्यंत बोलले, आणि घंटेनंतर वर्गात जाऊनही तेच बोलले.

दिवाळीच्या सुट्टीत ते सोलापूरकडे गेले आणि वहिनींना घेऊन आले. वहिनींनी येतानाच सांगितलं होतं, की झाड बघायला येते, राहायचं मागनं बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर मला आणि माझ्या बायकोला बोलवायला आले. एकट्याने दाखवायचा धीर त्यांना होत नसावा. आम्ही चढून गेलो आणि वहिनींना घेऊन चौघं घरामागच्या जाळीकडे उतरलो. जाळीपाशी पोचल्यावर मास्तरांनी काठीने काटे बाजूला केले, लिंब दाखवला, आणि साळुंकीची हकीकत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. वहिनी पदर सावरून, मान तिरकी करून ऐकत होत्या. निंबोळीपर्यंत गोष्ट आली तेव्हा त्या म्हणाल्या,

"कुठली साळुंकी घिऊन बसलाय? मीच खुपसलंय ते."

मास्तर काठी धरून तसेच उभे राहिले.

"तुमी एक रोप फेकलं व्हतं की पागोळीखाली. पाला झडला म्हनून. मी बगितलं तर मुळी हिरवी व्हती. मला टाकवंना. हितं आनून खुपसलं, अन् दुसऱ्या दिवशी दादासंगं गेले."

"पण... जाळीतच का?" मास्तरांनी विचारलं. परीक्षेला बसलेल्या मुलाचा आवाज होता तो.

"शेरडं खातील म्हनून. अन् वारा किती हाय हितं! एकट्याला सोसतोय व्हय?" वहिनी खाली वाकून लुगड्यात अडकलेला करवंदीचा काटा काढत होत्या. तो काढून झाल्यावर, वर न बघता, त्या तशाच शांतपणे म्हणाल्या, "मला कुठं लावलं तुमी?"

माझ्या बायकोने माझा हात धरला. समुद्राकडून वारा येत होता आणि जाळीच्या वर निघालेला तेवढाच शेंडा हलत होता. मास्तर खाली दगडावर बसले.

"तुला आभाळ हवं होतं ना," ते म्हणाले. "तू आल्या आल्या विचारलंस, म्हणून..."

"इचारलं खरं. पर दिवसभर आभाळासंगं बोलायचं का मी?"

"चुकलं," मास्तर म्हणाले.

एवढंच. वहिनींनी लिंबाचं एक कोवळं पान खुडलं आणि ते चावत चावत घराकडे चालू लागल्या.

त्याच संध्याकाळी मास्तर आमच्या आळीत आले. आमच्या शेजारच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. मास्तरांनी भाडं विचारलं नाही, पाणी कुठून भरायचं ते विचारलं नाही. खोलीच्या मधोमध उभे राहून त्यांनी डोळे मिटले आणि कान दिला. शेजारी कोणाच्या तरी घरी खोबरं किसायचा आवाज येत होता, पलीकडे दोन जावा एकमेकींना काहीतरी सुनावत होत्या, कोणी मुलाला हाका मारत होतं.

"इथे दुपारी बायका जमतात का?" त्यांनी माझ्या बायकोला विचारलं.

"जमतात म्हणजे! आमच्या ओटीवर जागा पुरत नाही."

"पावसात?"

"पावसात तर जास्तच. लावण्या झाल्या की बसायचंच काम."

"मग चालेल," मास्तर म्हणाले.

वहिनी राहिल्या. सुरुवातीला ओटीवर यायच्या त्या कोपऱ्यात बसायच्या. आमच्याकडच्या बायका भराभर बोलत, ते त्यांना कळत नसे. त्या बोलल्या की आमच्या बायका तोंडाला पदर लावत. मग हळूहळू त्यांच्या ज्वारीच्या भाकरीची चव आळीला लागली. त्यांना तांदळाची भाकरी थापता येईना, ती शिकवायला तीन घरच्या तीन सासवा एकदम आल्या आणि आपापसांत भांडल्या. एक दिवस मास्तर शाळेत आले ते हसतच. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "आज विहिरीवर भांडण झालं. आमच्या हिने कोणाची तरी कळशी बाजूला सारली. दोघी अर्धा तास भांडल्या, मराठीवाले! आवाज खाचरापर्यंत आला!" घरात पाळणा हलल्याची बातमी द्यावी तसं त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. खरा पाळणाही पुढे हलला, पण तेव्हा ते इतके खूश दिसले होते का, ते मला सांगता येणार नाही.

लिंब वाढत गेला. जाळीच्या उंचीपर्यंत त्याचं खोड सरळ होतं. जाळीच्या वर डोकं काढल्यावर मात्र वाऱ्याने त्याला धरलं आणि तो खाडीकडे कलला. माथा पसरट झाला, पानं जरा जाड. बुंधा जाडजूड झाल्यावर मास्तरांनी भोवतीची जाळी तोडून आळं केलं. मास्तरांनी नंतर जाळ्या शोधून शोधून अशीच रोपं खुपसली. त्यांतली काही लागली, काही गेली, आणि लागलेल्या कोणत्याही दोघांचा आकार सारखा नव्हता. पेणहून पाल्याचं पोतं यायचं बंद झालं. पाडव्याच्या आदल्या दिवशी मास्तर स्वतः डोंगरावर पहाऱ्याला बसत आणि कोणी कुठली फांदी तोडायची ते सांगत.

माझी बदली व्हायच्या आदल्या वर्षी, अशाच एका पाडव्याला, वहिनींचे वडील आले. वय झालेलं, डोक्याला भलं मोठं मुंडासं, उन्हाने रापलेला वाळका माणूस. इतकं पाणी त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. रेवसला बोटीतून उतरल्यावर ते बराच वेळ मागे वळून समुद्राकडे बघत राहिले होते, असं मास्तरांनी मला सांगितलं. पाडव्याच्या सकाळी मास्तर त्यांना डोंगरावर घेऊन गेले. वहिनी होत्या, मीही होतो.

म्हाताऱ्याने झाडाभोवती एक फेरी मारली. कललेल्या खोडावरून हात फिरवला. पसरट माथ्याकडे बघितलं.

"ह्यो लिंब?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच दारातल्या झाडाचा आहे, मामा," मास्तर ओशाळून म्हणाले. "वाऱ्यामुळे जरा..."

म्हाताऱ्याने एक काडी तोडली, दाताखाली धरली आणि चावली. तोंड वाकडं झालं. ते समाधानाने थुंकले.

"कडू हाय," ते म्हणाले. "मग झालं."

त्यांनी मुंडासं काढून फांदीला अडकवलं आणि खोडाला टेकून बसले. झाडाची सावली सगळी एका बाजूला पडत होती, म्हणून तेही तिकडे सरकून बसले. मास्तर खाली वाकून आळ्यातला पाचोळा सारखा करायला लागले. वहिनी वडिलांच्या शेजारी बसून पाल्याच्या जुड्या बांधत होत्या. खालून आळीतल्या कोणीतरी बाईने त्यांना हाक मारली, आणि त्यांनी तिथूनच, आमच्याकडच्या बायका देतात तशी लांबलचक ओ दिली. म्हाताऱ्याने मुलीकडे पाहिलं.

"पाऊस लई पडतो म्हनं हितं," ते म्हणाले.

"लई."

"मग काय करतीस गं पावसात?"

वहिनींनी जुडीची गाठ दातांनी ओढून घट्ट केली. "काय करायचं आबा? पडू द्यायचा," त्या म्हणाल्या, आणि दुसरी जुडी घेतली.

मास्तरांचे हात पाचोळ्यात थांबले.